ऊसतोड मजुरांसाठी मोफत प्राथमिक उपचार : पैसा आहे, मग अडते कुठे?

नमस्कार. आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर आपल्याला लगेच कळेल. आपण वाळवा तालुक्यातील एका गावचे ग्रामपंचायत सदस्य आहात. गळीत हंगाम सुरू झाला की गावाच्या शिवारात बीड आणि जालन्याकडून शे-दीडशे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, येऊन उतरतात, शिवाय दोन वीटभट्ट्यांवर कर्नाटकातल्या विजयपूरकडची काही कुटुंबे असतात. त्यांची रेशनकार्डे गावाकडे, आयुष्मान कार्ड बहुतेकांकडे नाही, आणि आजारी पडले की ती खासगी दवाखान्यात जाऊन मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, आणखी उचल (आगाऊ रक्कम) घेतात. अशा विमा नसलेल्या, परगावच्या माणसांना मोफत प्राथमिक उपचार देण्यासाठी सरकारी पैसा मिळतो का, मिळत असेल तर कोणत्या खात्यातून, आणि ‘आपल्या गावचा पैसा बाहेरच्यांवर का उधळायचा’ असे म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे, असे आपण विचारले आहे.

कराड आणि वाळवा या दोन तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मी सव्वीस वर्षे वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. त्यातले वीस-बावीस हंगाम तरी उसाच्या फडांच्या सावलीतच गेले, त्यामुळे जे लिहीत आहे ते मुख्यतः त्या अनुभवावर आधारलेले आहे. गावोगावची परिस्थिती निराळी असते, आणि जिथे उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलते तिथे तसे सांगतो.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. कार्ड नाही म्हणून उपचार नाही, अशी आपली समजूत झालेली दिसते. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना काय, किंवा २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना काय, या दोन्ही रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. राज्याची योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि आता तिचे संरक्षण प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेले आहे. पण ताप, जुलाब, खोकला, कोयता लागून झालेली जखम, गरोदर बाईची तपासणी, लहान मुलाची लस यांपैकी कशालाही त्या ५ लाखांतला एक रुपया लागू होत नाही. आपल्या तळावरच्या शंभर आजारी माणसांपैकी नव्वदांहून अधिक जणांना जे लागते ते ओपीडीतले काम आहे, आणि ते विम्याच्या कक्षेतच नाही. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची कार्डे काढून देण्याचा जो कार्यक्रम काही गावांत होतो, तो चांगला असला तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

दुसरी गोष्ट, प्राथमिक उपचार शासन निर्णयाने आधीच मोफत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील सर्व दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरचे पैसेसुद्धा घेतले जात नाहीत. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, आणि सांगलीचे सिव्हिल व मिरजेचे रुग्णालय ही दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली असल्याने तिथला हिशेब वेगळा आहे. आपल्या भागातून रुग्ण पुढे पाठवताना हा फरक ध्यानात ठेवावा, नाहीतर ‘मोफत म्हणून सांगितले आणि तिथे पावती फाडली’ अशी तक्रार घेऊन मुकादम दुसऱ्या दिवशी आपल्याच दारात उभा राहतो. बाकी क्षयरोगाची औषधे, लसीकरण, हिवतापाचा उपचार, बाळंतपण या गोष्टी राष्ट्रीय कार्यक्रमांतून आहेत. रहिवासाचा पुरावा दाखवल्याशिवाय तपासणी नाही, असा नियम मी माझ्या नोकरीत कधी पाहिलेला नाही. पुरावा मागणारे कर्मचारी मात्र पाहिलेले आहेत.

मग मोफत असूनही ही माणसे खासगीत पैसे घालवायला का जातात? या प्रश्नावर मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका कारखान्याच्या गाडीतळावर आम्ही मोठ्या उत्साहाने शिबिर घेतले. वेळ ठेवली सकाळी अकराची, म्हणजे आमच्या सोयीची. मंडप, सतरंजी, फलक, औषधांची तीन खोकी, दोन आरोग्यसेविका आणि मी. तळावर होत्या पाच-सहा म्हाताऱ्या, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या पोरी आणि कोंबड्या. कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, माणूसच नव्हता, कारण जोडपी पहाटे तीन-चारला फडात गेलेली होती आणि मोळ्या बांधून गाडी भरून कारखान्याच्या काट्यावर रिकामी होईपर्यंत परतणार नव्हती. त्या दिवशी आमच्या रजिस्टरवर अठ्ठावीस रुग्ण चढले, त्यांतले निम्मे शेजारच्या वस्तीवरचे बागायतदार होते आणि त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या.

पुढच्या वर्षी तीच मंडळी, तीच औषधे, फक्त वेळ संध्याकाळी सातची ठेवली. चुली पेटलेल्या, पाचटाचा धूर डोळ्यांत जाणारा, आणि एका ट्रॅक्टरच्या दिव्यासमोर रांग. साडेनऊपर्यंत ब्याऐंशी माणसे तपासली. त्या रांगेत एक बावीस-तेवीस वर्षांची बाई होती, सहावा महिना, डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्याफटक. मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि महिन्याने परत दाखवायला सांगितले. ती म्हणाली, “सायेब, महिन्यानं आमी हितं कुठं आसतो? परवा आमचा फड हलतोय.” तिच्या पिशवीत माहेरच्या उपकेंद्रातले माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या कागदात नीट घडी घालून ठेवलेले होते. त्यावर ऑक्टोबरनंतर एकही नोंद नव्हती. कार्ड होते, बाई होती, आमच्या कपाटात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, आणि तरीही तीन महिने तिच्या रक्ताची तपासणी कोणी केली नव्हती, कारण ती आमच्या कोणाच्याच यादीत नव्हती.

आपल्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो. आपल्याकडे आरोग्याचा सरकारी पैसा लोकसंख्येवर वाटला जातो. सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५,००० ला एक उपकेंद्र, साधारण १,००० ला एक आशा. औषधांची मागणी मागच्या वर्षीच्या खपावर काढली जाते, लसींची मागणी अपेक्षित बालकांवर, गरोदर मातांचे उद्दिष्ट जन्मदरावर. या सगळ्या आकड्यांचा पाया म्हणजे गावातली कायम वस्ती. ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल या काळात आपल्या केंद्राच्या हद्दीत दीड-दोन हजार माणसे वाढतात, पण ती त्यांच्या बीडमधल्या गावच्या लोकसंख्येत धरलेली असतात, आणि त्या काळात तिथली आशा कुलूपबंद घरांसमोरून जात असते. म्हणजे पैसा माणसाच्या गावी आणि माणूस पैशापासून तीनशे किलोमीटर दूर. आमच्याकडच्या सेविकेने त्यांना तपासले नाही तर तिच्या उद्दिष्टात कमी दिसत नाही, आणि तपासले तर तिच्या नेहमीच्या कामात भर पडते. औषधे त्यांना दिली नाहीत म्हणून खप नोंदला जात नाही, खप नोंदला नाही म्हणून पुढच्या वर्षीची मागणी वाढत नाही, आणि मग ‘आमच्याकडे बाहेरच्यांसाठी औषधे नाहीत’ हे वाक्य खरेही ठरते.

हे अटळ आहे असे मात्र नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. पल्स पोलिओच्या काळात आम्ही सूक्ष्म नियोजन करायचो तेव्हा जोखमीच्या ठिकाणांची यादी वेगळी काढावी लागे : ऊसतोड तळ, वीटभट्ट्या, पुलांची आणि धरणांची कामे, भटक्यांची पाले. त्या यादीत किती कोप्या, किती पाच वर्षांखालची मुले, कोणत्या दिवशी कोणते पथक जाणार, हे सगळे लिहिलेले असे. मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण केली की काम झाले. रेशनकार्ड, आधार, ‘तुझं गाव कुठलं’ यांतले काहीही विचारले जात नव्हते. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. जिथे माणूस आज आहे तिथेच त्याला मोजायचे, हे त्या मोहिमेने करून दाखवले. तीच यादी आजही प्रत्येक केंद्राच्या कपाटात असते. तिच्या डाव्या बाजूला मुलांबरोबर गरोदर माता, क्षयाचे चालू रुग्ण आणि रक्तदाब-मधुमेहाचे रुग्ण असे तीन रकाने वाढवले की आपले निम्मे काम होते, आणि त्याला जवळजवळ पैसा लागत नाही.

आता पैशाच्या वाटा. आपण ‘कोणत्या खात्यातून’ असे विचारले आहे, म्हणून थोडे तपशिलात जातो.

सर्वांत जवळचा पैसा आपल्याच गावात आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी येतो. अभियानाच्या ठरलेल्या मर्यादेप्रमाणे उपकेंद्राला २०,०००, आरोग्यवर्धिनी केंद्र झाले असल्यास ५०,०००, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला १ लाख ७५ हजार. प्रत्यक्षात किती पडतो हे आधीच्या वर्षी किती खर्च झाला यावर अवलंबून असते, आणि मार्चअखेर शिल्लक ठेवणाऱ्या समित्या स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. संध्याकाळच्या फेरीचे वाहन, विजेची सोय, हिमोग्लोबिन तपासणीच्या पट्ट्या, साठा संपला असताना स्थानिक खरेदीने घेतलेली औषधे, हे सगळे या निधीतून करता येते. वैद्यकीय अधिकारी रुग्ण कल्याण समितीचे सचिव असतात, त्यामुळे ठरावाचा मसुदा आधी त्यांच्यापुढे ठेवावा, सभेत एकदम मांडू नये. अचानक आलेल्या ठरावावर ‘तपासून पाहू’ असा शेरा पडतो आणि तपासून होईपर्यंत पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला असतो.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या पैशातून डॉक्टर नेमून वेगळा मोफत दवाखाना काढायचा जो विचार आपण मांडला आहे, तो माझ्या मते सोडून द्यावा. एक तर लेखापरीक्षणात तो खर्च टिकवणे अवघड जाते. दुसरे म्हणजे असा दवाखाना दोन महिन्यांत सलाईनचे दुकान होतो. अशक्तपणा आला की सलाईन लावायची, ही मागणी तळावर फार जोरात असते, आणि मोफत मिळतेय म्हटल्यावर ती आणखी वाढते. मी एका दानशूर संस्थेचा असा दवाखाना जवळून पाहिला आहे. तिथल्या नोंदवहीत रोज वीस-वीस सलाईन होत्या आणि क्षयरोगाच्या संशयावरून थुंकी तपासायला पाठवलेला रुग्ण पूर्ण हंगामात एकही नव्हता. शिवाय तिथे दिलेली औषधे सरकारी खपात धरली जात नाहीत, म्हणजे वर सांगितलेले चक्र तसेच राहते.

ग्रामपंचायतीचा पैसा घालायचा असेल तर पाण्यावर घालावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२१-२६ या काळातल्या अनुदानाचा ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. तळावर नळाचे एक स्टँडपोस्ट आणि चार तात्पुरती शौचालये ही कामे त्या प्रकारच्या निधीत बसतात, मात्र ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी आलेली असली पाहिजेत. एका डिसेंबरमध्ये आमच्या हद्दीतल्या एका तळावर चार दिवसांत एकेचाळीस जणांना जुलाब झाले. ओआरएस, सलाईन, रात्रंदिवस पथक, सगळे केले. कारण निघाले ते शेतातली उघडी विहीर, जिच्या काठावरच भांडी आणि कपडे धुतले जात होते. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली, पाण्यातले क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीला पिवळा रंग यायला लागला, आणि तिसऱ्या दिवशी नवे रुग्ण थांबले. पावडरीचा खर्च एका सलाईनपेक्षाही कमी होता. प्राथमिक आरोग्यसेवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्टेथोस्कोप येतो, पण तळावर तिची सुरुवात विहिरीपासून होते.

यापेक्षा मोठा पैसा वरच्या पातळीवर आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये आणि राज्य सरकारने तेवढीच भर, अशी रचना ठरलेली आहे. १० लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचा हिशेब मांडला तर त्याचे १ कोटी आणि सरकारचे १ कोटी होतात. तोडणी आपल्या जिल्ह्यात होते आणि गाळपही इथेच होते, त्यामुळे या पैशातून हंगामाच्या सहा महिन्यांत फिरते वैद्यकीय पथक इकडे चालावे, ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. एकट्या ग्रामपंचायतीचे पत्र तिथे फार दूर जात नाही. कारखान्याच्या हद्दीतल्या दहा-बारा ग्रामपंचायतींचे ठराव, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचे मागणीपत्र आणि वर सांगितलेली माणसांची यादी, असे तिन्ही एकत्र जिल्हा परिषदेमार्फत गेले तर दखल घेतली जाते. यादी नसेल तर पहिला प्रश्न हाच येतो की नेमकी किती माणसे आहेत.

आपण कारखान्याच्या जबाबदारीबद्दलही विचारले आहे, त्यावर थोडे स्पष्ट बोलतो. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि हंगामी कारखाने त्याच्या व्याप्तीतून वगळलेले होते. हंगामी म्हणजे कोणते, याच्या व्याख्येत साखर आणि गूळ यांची नावे स्पष्टपणे होती. त्यात तोडणी मजुराचा करार कारखान्याशी नसून मुकादमाशी असतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेल्या कायद्यात मोफत वैद्यकीय सोयीची तरतूद होती, परंतु बीडचा माणूस सांगलीत आला तर त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसते, म्हणून तो त्यातूनही सुटला. एका दरवाजाला ‘हंगामी’ म्हणून कडी, दुसऱ्याला ‘कंत्राटी’ म्हणून, आणि तिसऱ्याला ‘याच राज्याचा’ म्हणून. अशा वेळी कारखान्याकडे हक्काची भाषा बोलून फारसे हाती लागत नाही. शेती अधिकाऱ्यांना भेटून दोन गोष्टी मागाव्यात : तळावरच्या टोळ्यांची यादी आणि फड हलण्याचे आठवड्याचे वेळापत्रक. तोडणीचा कार्यक्रम त्यांच्याकडे गटवार तयार असतो. तो हातात आला की आमची सेविका आज कोणत्या गावच्या शिवारात जायचे हे ठरवू शकते, आणि वर सांगितलेल्या बाईसारख्या गरोदर मातेची पुढची तपासणी पुढच्या फडाजवळच्या उपकेंद्राला कळवता येते. मला स्वतःला या वेळापत्रकाचा उपयोग एका फिरत्या पथकाइतका झाला आहे.

आता ‘बाहेरच्यांवर खर्च का’ या आक्षेपाकडे वळतो. हा आक्षेप केवळ आपल्या गावचा नाही. कॅनडाने २०१२ मध्ये निर्वासितांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेत मोठी कपात केली, २०१४ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आणि २०१६ मध्ये सेवा पूर्ववत झाली. जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात फक्त तातडीचे आणि वेदनेवरचे उपचार मिळतात. तिथल्या १९९४ ते २०१३ या वीस वर्षांच्या आकडेवारीवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांचे उपचार असे मर्यादित ठेवले होते त्यांच्यावरचा दरडोई खर्च, पूर्ण सेवा मिळणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. इंग्लंडमध्ये मोठ्या रुग्णालयातल्या उपचारांसाठी परदेशी माणसाकडून पैसे घेतात, पण तिथल्या प्राथमिक डॉक्टरकडे नाव नोंदवणे आणि तपासून घेणे सर्वांना मोफत आहे, त्याची कागदपत्रे काहीही असोत. तिन्ही देशांत सरकारे काटकसरीच आहेत. दारातच रोखलेला रुग्ण मागच्या दाराने अतिदक्षता विभागात येतो, एवढाच त्यांचा अनुभव.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोचरे आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली, तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांच्या बोलीत ‘पिशवी काढली’. यामागे काही ठिकाणी डॉक्टरांची लालसा होती, खाड्याची, म्हणजे कामावर न गेल्यास बसणाऱ्या दंडाची, भीती होती, हे सगळे खरे आहे. माझ्या ओपीडीतल्या अनुभवाने त्यात एक भर घालतो : अंगावरून पाणी जाते, ओटीपोट दुखते, या तक्रारी घेऊन आलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना आठवडा-दोन आठवड्यांच्या गोळ्या, नवऱ्यावरही उपचार आणि अंघोळीला आडोसा एवढ्यावर आराम पडत असे. हा उपचार प्राथमिक केंद्राच्या कपाटात होता. तो सहा महिने मिळाला नाही, म्हणून मे महिन्यात गावी गेल्यावर कर्ज काढून ऑपरेशन झाले, आणि ते कर्ज फेडायला पुढच्या दसऱ्याला पुन्हा मोठी उचल घेऊन तीच बाई आपल्या शिवारात आली.

गावातल्या मंडळींना हे सगळे सांगायला वेळ नसेल तर मी एकच गोष्ट सांगत असे. गोवर आणि क्षय यांना कोपी आणि बंगला यांतला फरक कळत नाही, आणि तळावरची पोरे आपल्याच अंगणवाडीच्या हौदावर पाणी प्यायला येतात. ज्यांचा ऊस फेब्रुवारीत तोडायचा राहिला आहे असे बागायतदार हे ऐकून लवकर समजतात. टोळीतले चार कोयते आजारी पडले म्हणजे गाडी रिकामी उभी राहते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेले मुद्दे. वीटभट्टीवरच्या विजयपूरच्या कुटुंबांकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते महाराष्ट्रातल्या संलग्न रुग्णालयातही चालू शकते, कारण ती योजना राज्याबाहेर वापरता येते. मात्र पुन्हा, ते दाखल होण्यासाठी. साताऱ्याच्या वरच्या भागात, महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत, नेपाळी कामगार मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्याबाबत मला नेहमी विचारणा होते. त्यांना विमा योजना लागू होत नाहीत, पण आरोग्य केंद्रातला उपचार, लस आणि क्षयाची औषधे द्यायला नागरिकत्व आड येत नाही. घटनेच्या २१व्या कलमात ‘नागरिक’ असा शब्द नसून ‘व्यक्ती’ असा आहे, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या शेतमजुराच्या प्रकरणात तातडीचा उपचार नाकारणे हा त्याच कलमाचा भंग ठरवला. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारे १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात, तिथे खाते नसलेला परदेशी माणूस अडतो. त्याला त्या पैशासाठी थांबवू नये, गोळ्या आधी सुरू कराव्यात. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या निक्षय प्रणालीत रुग्ण दुसऱ्या जिल्ह्याला वर्ग करता येतो, आणि पट्टा पडायच्या आधीच्या आठवड्यात ते काम केले नाही तर रुग्ण हातचा जातो. मी असे दोन रुग्ण गमावलेले आहेत.

डोकी सेंटरच्या (मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्या) टोळ्या आणि गाडी सेंटरच्या (बैलगाडीने ऊस नेणाऱ्या) टोळ्या यांतही फरक करावा लागतो. गाडीवाले कारखान्याजवळ एकाच तळावर पूर्ण हंगाम राहतात, तिथे आठवड्याची ठरलेली संध्याकाळ पुरते. डोकीवाले गावोगाव फिरतात, त्यांच्यासाठी तळापेक्षा कार्ड महत्त्वाचे. प्रत्येक टोळीला एक वही द्यावी आणि जो कोणी तपासेल त्याने तिच्यात तारीख, औषध आणि पुढची भेट एवढे लिहावे, ही साधी युक्ती आमच्याकडे चालली. वही मुकादमाकडे देऊ नये, टोळीतल्या जाणत्या बाईकडे द्यावी. मुकादमाकडे दिलेल्या चार वह्यांपैकी तीन हरवल्या आणि चौथीत उचलीचा हिशेब लिहिलेला सापडला.

आपल्यापुरता क्रम असा राहील. दसऱ्याच्या आधी समितीचा ठराव, वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून आठवड्यातली एक संध्याकाळ निश्चित, टोळ्या उतरल्या की पहिल्या आठ दिवसांत आशा आणि अंगणवाडीसेविका यांच्याकडून कोपीनिहाय यादी, आणि त्यासाठी त्या दोघींना समितीच्या निधीतून मोबदला. फुकटात हे काम त्यांच्यावर लादू नये, त्यांची उद्दिष्टे आधीच भरपूर आहेत. तळावर दिलेली प्रत्येक गोळी केंद्राच्या ओपीडी रजिस्टरवर आणि औषधसाठ्याच्या ई-औषधी प्रणालीत चढते की नाही, हे आपण सदस्य म्हणून महिन्याला एकदा विचारावे. पत्त्याच्या रकान्यात ‘बाहेरगाव’ असे मोघम न लिहिता तळाचे नाव आणि मूळ गाव दोन्ही लिहायला सांगावे, कारण पुढच्या वर्षीची मागणी काढताना या नोंदींवरच बोट ठेवता येते.

एक माहिती आपल्या प्रश्नात नाही, ती कळवावी. तळ कारखान्याच्या जागेवर आहे, गायरानावर आहे की कोणा शेतकऱ्याच्या पडीक रानात? गायरान असेल तर पाण्याचे आणि शौचालयाचे काम ग्रामपंचायत थेट करू शकते. खासगी रान असेल तर मालकाचे संमतिपत्र लागेल, आणि कारखान्याची जागा असेल तर पत्राचा पहिला मसुदा वेगळ्या पद्धतीने लिहावा लागेल. तो मी लिहून देईन.